पी. डब्ल्यू. हॉलिसची चौदा गाणी

दुसऱ्या कडव्यात हर्शेल टॅकेटची पेन्सिल थांबली. एरवी ती थांबत नसे. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत नवं गाणं वादकांना एकदाच ऐकवायची पद्धत होती. कुणीतरी साध्या गिटारवर गाऊन पाठवलेली टेप मोठ्या स्पीकरवर एकदा लागायची, आणि ती चालू असतानाच सातही जणांनी मांडीवरच्या कागदावर आकडे उतरवून घ्यायचे, प्रत्येक कॉर्डला एक आकडा. एक, चार, पाच, एक. गाणारीला पट्टी वर हवी असो की खाली, आकडे तेच राहतात, म्हणून सगळा कारभार आकड्यांवर. टेप संपली की वाद्यं घ्यायची आणि अर्ध्या तासात रेकॉर्ड तयार. सकाळी दहा ते एक, तीन-चार गाणी; जेवून पुन्हा दोन ते पाच. हर्शेल पंधरा वर्षं हे करत होता. चार पायांवरच्या टेबलासारख्या आपल्या स्टील गिटारमागे बसून, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत त्याने या शहरातल्या अर्ध्याअधिक दुःखांना आवाज दिला होता, असं लोक म्हणत. दुःखं कसली होती ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलंच तर तो म्हणे, शब्द ती गाणारी बघून घेईल, आपण आकडे बघायचे. आज मात्र टेपवरची ती कुणीतरी भाड्याने आणलेली मुलगी गात होती की, माझा नवरा घरी येतो तेव्हा आधी हात माझ्या गाडीवर ठेवतो, ती गार लागली तरच मला जवळ घेतो. आणि हे वाक्य आकड्यांच्या मधून सरळ आत आलं.

कारण तो तसं करायचा. गेली तीन वर्षं करत होता आणि कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आपली फोर्ड लावून घराकडे जाताना वाटेत त्याच्या बायकोची, आर्डिथची, हिरवी प्लिमथ उभी असे, तिच्या बॉनेटवरून तो हात फिरवी. थांबत नसे. धूळ झटकल्यासारखा हात जायचा आणि पुढच्या पावलाला तो दारात. आर्डिथ एक वाजता कामावरून सुटायची, सव्वाला घरी पोचायला हवी, म्हणजे साडेपाचला गाडी थंडगार पाहिजे. बहुतेकदा असायचीही. पण कधीकधी, बुधवारी जास्त, पत्रा कोमट लागायचा. मग तो आत जाऊन हॅट खुंटीला लावायचा, ती घेवड्याच्या शेंगा नि मक्याचा पाव वाढायची, तो म्हणायचा, झकास झालंय. विचारायचा मात्र नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि ते उत्तर खरं की खोटं हे पुन्हा वेगळं शोधावं लागतं. त्यापेक्षा हात बरा. हात कुणाला काही सांगत नाही, असं त्याला वाटत होतं, आणि आता तो हात स्टुडिओतल्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू जात होता.

"काय रे, आकडा चुकला की काय?" शेजारून बासवाला लॉनी फेन कुजबुजला. लॉनी त्याचा या गावातला सगळ्यात जुना सोबती. "दुसऱ्या ओळीत सहा मायनर आहे बघ. माझ्याकडचं उतरव."

"कुणाचं गाणं हे?" हर्शेलने विचारलं. मोठ्यानेच विचारलं असावं, कारण पियानोवाल्याने मान वळवली. गाणं कुणाचं हे वादक विचारत नसत. सुताराने घरात कोण राहायला येणार ते विचारावं तसं ते होतं. काचेमागून कुणीतरी कागद बघून सांगितलं, "पी. डब्ल्यू. हॉलिस. क्वार्ल्सच्या कंपनीचं." आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. क्वार्ल्सच्याच कंपनीत आर्डिथ टाइपिस्ट होती. आलेल्या टेपा कानाला लावून गाण्यांचे शब्द टाइप करायचे, हे तिचं काम. म्हणजे हा हॉलिस तिच्या टेबलावरून जाणारा माणूस. म्हणजे तिने तो हात पाहिला होता आणि त्याला सांगितलं होतं. नवऱ्याबद्दल बायको परक्या पुरुषाला असं सांगते ते कुठे बसून सांगते, कशी बसून सांगते, हे त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप दिसायला लागलं.

गाणारी होती डार्ला मे कँट्रेल, सव्वीस वर्षांची, कोवळी पण नेमकी. तिने डोळे मिटून पहिलं कडवं घेतलं आणि दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत हर्शेलने कांडी अशी काही ओढली की काचेमागची माणसं उठून उभी राहिली. रागाने वाजवत होता तो. कांडीखाली तार कळवळते ती दुःखाने असं लोकांना वाटतं, पण तिला राग कळत नाही नि दुःखही कळत नाही, दाब कळतो. एकाच फेरीत गाणं झालं. डार्ला मेने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टॅकेटकाका, रडवलंत मला. या माणसाची मला एवढी कीव आली ना, बायको समोर उभी आहे आणि हा पत्रा चाचपतोय." हर्शेल म्हणाला, "हो ना," आणि तारा पुसायला लागला.

एक वाजता लॉनी बासला गवसणी घालत होता. "शुक्रवारी येतोयस ना जुन्या हॉलवर? तिथला रेडिओचा शेवटचा कार्यक्रम. शनिवारपासून सगळं नव्या इमारतीत. म्हणे स्टेजची एक गोल चकती कापून नेणारेत आणि तिकडच्या स्टेजात बसवणारेत, जुन्या लोकांना चुकल्यासारखं वाटू नये म्हणून." हर्शेलला एरवी याचं वाईट वाटलं असतं. त्या हॉलच्या चर्चसारख्या बाकांसमोर त्याने ऐन तिशीत वाजवलं होतं, तेव्हा ड्रम वाजवायचा तर पडद्यामागे लपवून वाजवावा लागे. आज त्याला फक्त एवढंच जाणवलं की या गावात कुठली गोष्ट कधी समोर सांगून झाली नाही. गावाकडच्या फिडलवाल्यांना, नुसत्या कानाने व्हायोलिन वाजवणाऱ्यांना, कुणी जा म्हटलं नव्हतं. एका सोमवारी स्टुडिओत नऊ माणसं कोट घालून, व्हायोलिनच्या पेट्या घेऊन आली, नोटेशनचे कागद स्टँडवर लावून बसली, आणि फिडलवाला हॉइट दारातूनच परत गेला. पुढे तो गालिचे विकायला लागला. लोक गेले की मागाहून कळतं, जाताना कळत नाही. "बरं वाटत नाही," हर्शेल म्हणाला, "दोनच्या सेशनला दुसरा कुणी बघायला सांग." पंधरा वर्षांत त्याने एक सेशन चुकवलं नव्हतं. लॉनी त्याच्याकडे बघत राहिला. "आर्डिथ बरी आहे ना?" हर्शेलला हा प्रश्नही आवडला नाही. याला काय करायचंय आर्डिथशी.

क्वार्ल्सची कंपनी दोन गल्ल्या पलीकडे, व्हरांडा असलेल्या जुन्या घरात होती. दाराशी टेबल टाकून विल्मा बसायची, साठीची, सगळ्यांची खबर ठेवणारी. "आर्डिथ आत्ताच गेली हो," ती म्हणाली. हर्शेल म्हणाला, सहज आलो होतो, आज हॉलिसचं गाणं वाजवलं, छान होतं, भेटून सांगावं म्हटलं. विल्माने चष्मा खाली घेतला. "त्यांना आम्ही कुणी पाहिलेलं नाही. क्वार्ल्स साहेब सोडले तर कुणी नाही. त्यांची गाणी सगळी आर्डिथच्या हातूनच येतात. टपालाने येतात, म्हणते."

"टपाल कुठून येतं?"

"आता ते तिलाच विचारा की. बायको तुमची, आणि पत्ता मला विचारताय." ती हसली. "आत्ता गाठायची असेल तर नदीवर जा. शेल्बी पार्कात. बुधवारी डबा तिथेच खाते ना ती, तुम्हाला ठाऊक असेलच."

"ठाऊक आहे," हर्शेल म्हणाला.

पार्कात नदीच्या अंगाला गाड्या लावायची मोकळी जागा होती. प्लिमथ अगदी कडेला, पाण्याकडे तोंड करून उभी होती. हर्शेलने आपली गाडी सहलीच्या शेडमागे घातली, इंजिन बंद केलं आणि काच थोडी खाली केली. मार्चचं करडं ऊन होतं, कोळशाचा एक लांबलचक पडाव, सपाट तळाची नाव, नदीतून खाली चालला होता. आर्डिथ गाडीत एकटी होती, मान खाली. वाट बघत असणार. गळ टाकून बसलेला एक म्हातारा उठला तेव्हा हर्शेल सावरून बसला, पण म्हातारा गळाला आमिष लावून पुन्हा बसला. कुत्र्याला फिरवणारा एक तरणा माणूस प्लिमथच्या अगदी जवळून गेला आणि त्याने टोपीला हात लावला. आर्डिथने मान हलवली. ओळखीच्या माणसाला हलवावी तशी वाटली. हा असेल? एवढा लहान? त्याला स्वतःची शरम वाटली आणि तरी तो माणूस पुढे ज्या गाडीत बसला तिचा नंबर त्याने लक्षात ठेवला. अशी वाट बघण्याची त्याला सवय होती, फार जुनी. केंटकीच्या डोंगरात, तो आठ वर्षांचा असताना, दारोदार हिंडून हवाईयन गिटारची शिकवणी विकणारा एक माणूस त्यांच्या घरी यायला लागला होता. केसांना तेल, पांढरे बूट. बाप खाणीत असायचा. धडे आईने घेतले होते, गिटार तिच्या मांडीवर, तो माणूस शेजारी, आणि हर्शेल दाराच्या आड बसून धड्याचा कागद वाचायचा. त्या कागदावर सूर नव्हते, आकडेच होते, कुठल्या तारेवर कितव्या घरात कांडी ठेवायची त्याचे. बाराव्या धड्यानंतर आई त्या माणसाबरोबर निघून गेली. गिटार ठेवून गेली. बाप दुसऱ्या दिवशी खाणीवर गेला. हर्शेलने पहिल्या धड्यापासून सगळे आकडे वाजवून काढले आणि त्यातूनच त्याचं पोट भरलं, नाव झालं. बारा धडे आत दोघं इतकं बोलत होती, हसत होती, तेव्हा आपण नुसते आकडे बघत होतो, ही गोष्ट त्याला नंतर कित्येक वर्षं डाचायची. मग त्याने ठरवलं की पुन्हा कुणी आपल्याला असं गाफील गाठायचं नाही. म्हणून हात. म्हणून बॉनेट.

अर्धा तास झाला, कुणी आलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं की आर्डिथ लिहीत होती. स्टिअरिंगवर पिवळ्या कागदांची वही टेकवून ती लिहायची, थांबायची, ओठ हलवायची, आणि डाव्या हाताची बोटं गाडीच्या दारावर आपटायची. एक दोन तीन, एक दोन तीन. एवढ्या लांबून त्याने ते मोजलं. पत्र, त्याला वाटलं. हॉलिसला पत्र. पण पत्र लिहिताना कुणी ठेका धरत नाही, हे त्याच्यासारख्या माणसाला कळायला हवं होतं, आणि ते त्याला आणखी दहा मिनिटांनी कळलं. तेव्हा तो उतरला आणि चिखलातून चालत गेला. बॉनेटजवळून जाताना त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"बस," आर्डिथ म्हणाली. ती दचकली नाही. "दार उघडंच आहे. पाऊण तास तुझी गाडी त्या शेडमागे आहे, मला वाटलं आता येतोस की नाही."

तो बसला. गाडीत कांद्याच्या सँडविचचा वास होता. "हॉलिस कोण?"

"माझी आजी. आईची आई. पर्ल विनिफ्रेड हॉलिस. आपल्या लग्नात पहिल्या बाकावर होती, नंतर तुझ्या शेजारी बसून केक खाल्ला तिने. तू तिला आजीबाई, आजीबाई करत होतास. नाव नाही विचारलंस." तिने पेनला टोपण लावलं. "टाइपिस्टने स्वतःची गाणी कंपनीत घुसडली म्हणून ओरड नको, म्हणून क्वार्ल्स म्हणाले, दुसरं नाव घे. आजीचं घेतलं."

"चाल कुणी लावली?"

"मीच. भांडी घासताना. तू घरी असतानासुद्धा."

"आणि ते गाडीचं कुणाला कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतं मला ते, हर्शेल. तीन वर्षं. कुणाला सांगायचं होतं? गाण्यात घातलं."

"म्हणजे आता सगळ्या देशाला."

"देशाला काय कळणार तो कोण. ते तुला एकट्याला कळणार होतं."

तेव्हा त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. कुणी नव्हतं. कुत्र्यावाला नाही, टपाल नाही, तेल लावलेले केस नाहीत, कोमट पत्र्यामागे एक पिवळी वही. त्याला इतका आनंद झाला की तो हसला, मोठ्याने, गुडघ्यावर थाप मारून. "म्हणजे कुणी नाहीच."

आर्डिथ त्याच्याकडे बघत होती. बावीस वर्षांत त्याने तिचा हा चेहरा पाहिला नव्हता, किंवा पाहिला असेल. "तुला एवढंच ऐकू आलं?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आजचं ते चौदावं आहे. नऊ वर्षांत चौदा. सगळी रेकॉर्ड झाली, आणि चौदाही तू वाजवलीस. मी क्वार्ल्सना सांगून ठेवलं होतं, स्टीलला टॅकेटच पाहिजे, नाहीतर गाणं देत नाही. पहिलं झालं तेव्हा रेकॉर्ड घरी आणली. आठवतं? तुला समोर बसवून लावली. मला धड श्वास घेता येईना. संपल्यावर तू म्हणालास, बास जरा पुढे आलाय. म्हटलं असू दे. पुढच्यात ऐकेल. मग त्याच्या पुढच्यात. म्हटलं हा माणूस माझ्याशी बोलत नाही, पण माझं गाणं लागलं की याच्या हातातून काय निघतं ते तर बघा, म्हणजे कुठेतरी पोचत असणार. मी त्याच्यावर नऊ वर्षं काढली. शेवटी या वेळी तुझा हातच घातला. म्हटलं आता तरी."

"पोचलं की," तो म्हणाला. "आलो ना मी."

"मला पकडायला आलास."

नदीवर पडाव वळणापाशी पोचला होता. "बाकीची सांग," तो म्हणाला. आता त्याला भीती वाटायला लागली होती, आणि ती तिसऱ्या कुणाची नव्हती, म्हणून तिचं काय करायचं हे त्याला कळेना. "कुठली कुठली ती सांग."

"तू सांग. तू होतास तिथे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच वाट बघत होती. "मी विचारते ते एवढंच, हर्शेल. चौदांतल्या कुठल्याही एका गाण्यातली एक ओळ मला सांग. आजचं सोडून. एक सांगितलीस तर ही वही तुला देते आणि आपण घरी जाऊ."

तो आठवायला लागला आणि त्याला सगळं आठवलं, हेच भयंकर होतं. पासष्टचं ते ए फ्लॅट पट्टीतलं, ज्याच्या सुरुवातीला त्याने दोन तारा एकत्र खाली आणल्या होत्या आणि नंतर सगळं गाव तसं वाजवायला लागलं. "ते चार-चार-एक-एकचं, त्या वर्षीच्या पावसाळी सेशनमधलं, हो ना? आणि ते वॉल्ट्झ, तीनच्या ठेक्यातलं, लॉनीने गजाने बास वाजवला होता. आणि ते, ज्यात मधे पाच येतो आणि मग एकदम सात फ्लॅट, मी म्हणालो होतो, कुणाला सुचलं हे, कमाल आहे."

"मला सुचलं," आर्डिथ म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "शब्द, हर्शेल. एकाचे."

त्याने तोंड उघडलं. चौदा मुखडे डोक्यात आले, पट्टी, ठेका, कोण कुठे बसलं होतं, डार्ला मेच्या आधीच्या त्या जाड आवाजाच्या बाईने कुठे श्वास चोरला, सगळं. त्यात कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. बायकांचे आवाज होते, लांबून, दाराच्या पलीकडून आल्यासारखे. त्याने ओठ ओले केले. "एक मिनिट," तो म्हणाला. ती थांबली. मिनिटापेक्षा पुष्कळ जास्त थांबली. गळवाल्या म्हाताऱ्याला एक मासा लागला, त्याने तो सोडवून पाण्यात परत टाकला, तोपर्यंत थांबली.

मग तिने वहीतला वरचा कागद फाडला आणि त्याच्या हातात दिला. "बरं. हे वाच. आत्ता लिहिलंय. हे तुझ्यापर्यंत सगळ्यांच्या आधी येतंय. सावकाश वाच."

तिचं अक्षर गोल होतं, शाईचं. तीन कडवी होती. हर्शेलने कागद दोन्ही हातांत धरला आणि मनापासून वाचायला लागला. इतक्या मनापासून त्याने आयुष्यात काही वाचलं नव्हतं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, कुठेतरी खोडून वर काही लिहिलं होतं तेही वाचलं, ओळीमागून ओळ खाली उतरत गेला. शेवटची ओळ वाचून झाली. त्याने वर पाहिलं. आर्डिथ कागदाकडे बघत नव्हती, त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो हात कागद सोडून कधीच मांडीवर उतरला होता आणि त्याची बोटं पँटवर चालली होती. एक, एक, सहा, चार. एक, एक, सहा, पाच.

त्याने मूठ मिटली. आर्डिथने कागद त्याच्या दुसऱ्या हातातून सोडवून घेतला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या हातातून पेपर काढून घ्यावा तसा, आणि त्याची नीट चौघडी करून पर्समध्ये ठेवला. "उतर आता," ती म्हणाली. "मी बहिणीकडे जाते, नॉक्सव्हिलला. सामान सकाळीच मागच्या डिकीत टाकलंय. वाटलं होतं परत काढावं लागेल." तिने डोळे पुसले आणि किल्ली फिरवली. "फ्रीजमध्ये घेवडा आहे. उद्यापर्यंत टिकेल."

तो उतरला. प्लिमथ मागे आली, वळली, पार्कच्या रस्त्याला लागली आणि झाडांमागे गेली. तो चिखलात उभा होता आणि काय वाचलं ते आठवत होता. त्यात तिने जाण्याचं लिहिलं होतं की थांबण्याचं, कुणी कुणाला माफ केलं होतं का, तिला काय हवं होतं. एका ओळीत दिवा होता असं वाटत होतं, किंवा दार. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वॉल्ट्झ होतं, संथ, आणि दुसऱ्या ओळीत सहा मायनर होता. तेवढं पक्कं होतं.